रंकाळ्याचं हिरवं पाणी: म्हशीला नको, उसाला तपासून

प्रश्न: आमचं रान कोल्हापूरच्या रंकाळा तलावाला लागून आहे. उन्हाळ्यात पाण्यावर हिरवा तवंग येतो, वास मारतो. हे पाणी म्हशींना, उसाला, भाजीला चालेल का? मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकून शेवाळ मारावं का? केंदाळाचं (जलपर्णीचं) खत होईल का?

उत्तर: आधी म्हशींचं. तवंगाचं पाणी पाजू नका, त्यात डुंबायलाही सोडू नका. रंकाळ्यात मायक्रोसिस्टिस हे निळं-हिरवं शेवाळ आढळलेलं आहे. त्याचं विष जनावराच्या यकृतावर घाव घालतं आणि पाणी उकळलं तरी जात नाही. घरी अंदाज घ्यायचा तर पारदर्शक बाटली भरून रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी हिरवा थर वर तरंगत असेल, तर हेच शेवाळ समजा. खाली बसला म्हणून मात्र लगेच पाजायला जाऊ नका.

मोरचूद नकोच. शेवाळ मरतं, पण पेशी फुटून आतलं विष पाण्यात उतरतं. शिवाय ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं आणि मासे मरतात.

उसासाठी आधी पाणी तपासा. तवंग बाजूला सारून हातभर खालचं पाणी घ्या, त्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळून मग लिटरभर भरा आणि प्रयोगशाळेत द्या. अहवालात क्षारता (विद्युत वाहकता, ईसी) मीटरला ०.७५ डेसिसायमनच्या आत असेल तर खुशाल द्या. २.२५ च्या वर असेल तर आपल्या काळ्या रानात हे पाणी नको, पुढं जमीन खारवट होते. ऊस गुऱ्हाळाला घालणार असाल तर जास्तच जपा. खारट पाण्याच्या उसाचा गूळ पाझरतो, चवीलाही उतरतो. तलावात येणाऱ्या शहराच्या सांडपाण्यातून नत्रही येतं. तोडणी जवळ आल्यावर ते मिळत राहिलं तर ऊस नुसता माजतो, साखर भरत नाही. कोथिंबीर, काकडी असा कच्चा खायचा माल या पाण्यावर घेऊच नका.

केंदाळाचं खत उत्तम होतं. फुलण्याआधी काढा, कारण बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं. त्यात बहुतेक पाणीच असतं, म्हणून काठावर वाळवून मगच ट्रॉलीत भरा आणि शेणकाल्याचे थर देऊन कुजवा.

आता न विचारलेलं. तलावात घाण आणणारे नाले शहराचे, हे खरंच. पण शेवाळाला पोसणारं स्फुरद (फॉस्फरस) आपल्या मातीबरोबरही वाहून जातं, आणि नत्र विरघळून. आडसाली (जुलै-ऑगस्टात लावलेल्या) उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे, तीही चार हप्त्यांत. युरिया फेकून वर पाटानं पाणी सोडलं की त्यातलं बरंच तलावात. सुपर फॉस्फेट सरीत मातीआड करा. काठाकडच्या दोन-तीन सऱ्या मोडून तिथं हत्ती गवत लावा, म्हशींच्या वैरणीचीही सोय होईल.