भावाला मनातून माफ केलंय, पण बोलणं सुरू होत नाही. बायबलप्रमाणे समेट कसा करायचा?

क्षमा आणि समेट ही दोन वेगळी कामं आहेत. क्षमा तुम्ही देवासमोर एकट्याने करू शकता, त्याला भावाची संमती लागत नाही. समेटाला दोघं लागतात आणि झालेलं खरं खरं बोलावं लागतं. तुम्ही पहिलं केलंत, दुसरं आपोआप होईल म्हणून थांबलात.

वडिलांच्या घराच्या वाटणीवरून पाच वर्षं अबोला आहे, रविवारी दोघंही एकाच मंडळीत उपासनेला येता आणि "आधी दादाने बोलावं" असं वाटतं, असं तुम्ही लिहिलंय. प्रभूने ही सोय ठेवलेलीच नाही. मत्तय 5:23-24 सांगतं की आपल्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे हे आठवलं, तर अर्पण वेदीपुढे ठेवून आधी त्याच्याकडे जा. मत्तय 18:15 सांगतं की भावाने तुझा अपराध केला असेल, तर तू जा. चूक कुणाचीही असो, जायचं तुम्हालाच आहे.

जाण्याआधी एका कागदावर दोन रकाने करा: मी काय केलं, त्याने काय केलं. पहिला रकाना भरल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका. मत्तय 7:5 मधलं आपल्या डोळ्यातलं मुसळ ते हेच. "दादा लबाड आहे" असं लिहू नका. "घरपट्टीवर एकट्याचं नाव लावलं, मला कळवलं नाही" असं लिहा. स्वभावावरून काढलेलं भांडण कधी मिटत नाही, घटनेवरून काढलेलं मिटू शकतं.

तुमच्याकडे त्याचे पैसे किंवा वस्तू अडकल्या असतील तर आधी त्या परत करा. लेवीय 6:5 मध्ये मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यायला सांगितलाय, म्हणजे 50,000 वर 10,000. नुसत्या शब्दांची माफी इथेच पोकळ ठरते.

मग एकटे जा. बायको, मेहुणे, मुलं नकोत. लग्नघर, नाताळ किंवा कुटुंबाचा व्हॉट्सअॅप ग्रुप ही तर अजिबात जागा नव्हे, कारण चार लोकांसमोर माणूस स्वतःची बाजू राखतो, ऐकत नाही. पहिलं वाक्य तुमच्या चुकीचं असू द्या: "दादा, बाबांच्या दफनानंतर मी तुला पाहुण्यांसमोर चोर म्हणालो. ते चूक होतं. मला क्षमा कर." इथे थांबा. पुढे "पण तूही..." आलं की सगळं धुऊन जातं. "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" ही माफी नव्हे, त्यात दोष त्याच्याच मनावर जातो. तो चिडून बोलला तरी पूर्ण ऐका, आणि त्याला वचनं ऐकवू नका. तुमचं दुखणं त्यानंतर सांगा, एका वेळी एकच घटना.

त्याने ऐकलं नाही तर मत्तय 18:16 प्रमाणे एक-दोन जणांना सोबत न्या. पाळकसाहेब किंवा दोघांना मान्य असलेले काका चालतील. तुमची बाजू घेणारा मित्र नेलात तर ती चढाई होते.

एका भेटीत विश्वास परत येईल असं धरून चालू नका. उत्पत्तीच्या पुस्तकातल्या योसेफाला त्याच्या भावांनी विकलं होतं, पुढे ते मिसरात त्याच्यासमोर आले, तेव्हा त्याने त्यांना लगेच ओळख दिली नाही. धाकट्या बन्यामिनाला ते वाऱ्यावर सोडतात का हे त्याने आधी पाहिलं, आणि त्यांच्यातला यहूदा बन्यामिनाच्या बदली गुलाम व्हायला तयार झाला तेव्हाच योसेफ रडून बोलला. त्यानंतर त्यांचा बाप याकोब मिसरात 17 वर्षं जगला, तरी तो वारल्यावर भावांना पुन्हा भीती वाटली की आता हा सूड घेईल. त्यामुळे तुमचाही जुना राग मध्येच उसळला, तर क्षमा खोटी होती असं समजू नका. तेव्हा मत्तय 18 मधल्या, स्वतःचं कर्ज माफ होऊनही सोबतीच्या चाकराला माफ न करणाऱ्या चाकराच्या दाखल्यातला हिशोब करून बघा: धन्याने सोडलेलं कर्ज दहा हजार तालांत, म्हणजे सुमारे 6 कोटी दिवसांची मजुरी, सोबतीचं देणं 100 दिवसांचं.

तरीही तो आला नाही तर रोम 12:18 तुमच्याकडून होईल तितकंच मागतं. रविवारी नमस्कार करत राहा. घरात मारहाण किंवा धमक्या असतील तर मात्र एकटे भेटायला जाऊ नका. क्षमा केली म्हणून पोलिसांत तक्रार करायची नाही, असं बायबल कुठेही सांगत नाही.

आणि बोलणं जुळलं की घराचं वाटणीपत्र लिहून दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या. ते नसेल तर हेच भांडण तुमच्या मुलांकडे जाईल.