नागपूरच्या उन्हाळ्यात दोन महिन्यांच्या बाळाला कापडी लंगोट की डिस्पोजेबल डायपर?

दिवसा कापडीच वापरा, ताई. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. कूलर खोली गार करतो, पण हवा दमट होते आणि प्लास्टिकच्या थराखाली बाळाची त्वचा ओलीच राहते. माझ्या मुलीला असंच पुरळ आलं होतं. जुन्या सुती धोतराचे किंवा साडीचे लंगोट सगळ्यात मऊ. या वयाचं बाळ दिवसातून आठ-दहा वेळा तरी ओलं करतं, म्हणून वीसेक हवेत. साबण नीट निघेपर्यंत खळबळा, फॅब्रिक सॉफ्टनर टाळा, त्यानं कापड कमी शोषतं. गच्चीवरच्या उन्हात तासाभरात वाळतात.

रात्री आणि प्रवासात डिस्पोजेबल बिनधास्त घाला, तुमची झोपही महत्त्वाची आहे. फक्त शी झाली की लगेच बदला, आणि दिवसा घातलं तर दर दोन-तीन तासांनी. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, तेव्हा डिस्पोजेबल थोडे वाढतील, चालेल.

वापरलेलं डायपर कागदात गुंडाळून सुक्या-ओल्या कचऱ्यापासून वेगळं द्या. कचरा उचलणाऱ्यांना ते हातानं निवडावं लागू नये. लालसरपणा दोन-तीन दिवसांत गेला नाही, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.