बॉडी लँग्वेजला खरंच 'भाषा' म्हणता येईल का?

तुमचा प्रश्न असा की ९३ टक्के संवाद शब्दांशिवायच होतो असं ट्रेनिंगमध्ये सांगतात, मग हातवारे, नजर, चेहरा ही पण भाषाच झाली ना? आधी तो आकडा सोडून द्या. आमच्या ऑफिसातही एका ट्रेनरने तो स्लाइडवर लावून अर्धा तास खाल्ला होता. तो मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आलाय (५५ चेहरा, ३८ आवाजाचा सूर, ७ शब्द) आणि विषय एवढाच होता की माणसाचे शब्द एक सांगतायत आणि सूर-चेहरा दुसरंच, तर त्याला आपण आवडतो की नाही हे आपण कशावरून ठरवतो. सगळ्याच बोलण्याला हे लागू असतं तर मला तमिळ सिनेमा सबटायटलशिवाय कळला असता.

आता माझं रोजचं, ठाणे ते सीएसएमटी, लेडीज डबा. बसलेल्या बाईकडे बघून भुवया उडवायच्या, मनगट जरासं फिरवायचं, झालं, 'कुठे उतरणार?' विचारून झालं. चौथ्या सीटसाठी नुसती बोटं हलवली की तिघी सरकतात, कपाळाला आठ्या घालून का होईना. पण उत्तराला 'घाटकोपर' तोंडानेच म्हणावं लागतं, ते हाताने कसं दाखवणार? आणि त्यापुढचं तर बघाच, 'मी घाटकोपरला उतरेन, पण सीट मुलुंडला चढलेल्या बाईला सांगितलीय, ती नाही बसली तर तू बस.' हे खुणांनी सांगून दाखवा! अजून न आलेलं स्टेशन, मघाशी दिलेला शब्द आणि वर 'नाही तर', यातलं डोळ्यासमोर काहीच नाही.

भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स हॉकेट यांनी १९६० मध्ये भाषेची १३ वैशिष्ट्यं मांडली, त्यातलं हे एक, समोर नसलेल्याबद्दल बोलता येणं. मधमाश्यांना थोडंफार जमतं, फुलं कुठल्या दिशेला आणि किती लांब ते नाचून सांगतात (हे उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिशना १९७३ चं नोबेल मिळालं), पण 'कालची फुलं बरी होती' असं काही माशी म्हणत नाही.

दुसरं म्हणजे क, ल, म यांना सुटा अर्थ नाही, पण जुळवले की कलम होतं, फिरवले की कमल, आणि अशा मूठभर आवाजांतून आजवर कुणीच न बोललेलं वाक्यही करता येतं. भुवईचे असे तुकडे पडत नाहीत. बाकी शब्दाचं आणि वस्तूचं नातं आपण मानलेलं, म्हणून आपला कोंबडा कुकूचकू आणि इंग्रजांचा कॉक-अ-डूडल-डू. आणि हो, भाषेत खोटं झकास बोलता येतं, गाडी भांडुपला आणि फोनवर 'दादर आलंच'.

फक्त साइन लँग्वेजला, म्हणजे कर्णबधिरांच्या हातांच्या भाषेला, या बॉडी लँग्वेजमध्ये ओढू नका. हॉकेटचं पहिलंच वैशिष्ट्य होतं तोंडाने बोलणं, कानाने ऐकणं, आणि नेमकं त्याच १९६० मध्ये भाषाशास्त्रज्ञ विल्यम स्टोकी यांनी दाखवलं की अमेरिकन साइन लँग्वेजच्या खुणांचेही हाताचा आकार, जागा, हालचाल असे तुकडे पडतात, म्हणजे तोंडाने न बोलताही ती पूर्ण भाषाच. आपल्या भारतीय सांकेतिक भाषेलाही स्वतःचं व्याकरण आहे, ती मराठी किंवा हिंदीची नक्कल नाही. मागे दादरला दोन मुलं समोरासमोरच्या प्लॅटफॉर्मवरून हातांनी गप्पा मारत होती, मधून फास्ट गेली, ती गेल्यावर जिथे तुटलं तिथूनच पुढे सुरू, हसतायत काय, एकमेकांना चिडवतायत काय. माझ्या शेजारची बाई तेव्हा फोनमध्ये ओरडत होती, "हॅलो? आवाज येत नाहीये, हॅलो?"