रंग मळकट होतात, म्हणून चित्र सोडावे का?

प्रश्न : मी कोल्हापुरात नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी जलरंगांत निसर्गचित्रे काढते. कलाशिक्षण झालेले नाही. संध्याकाळचा रंकाळा तलाव रंगवताना पाण्याचे रंग हमखास मळकट होतात. शाहू स्मारक भवनातील एक चित्रप्रदर्शन पाहून आल्यापासून आपल्यात मुळात गुणच नाही असे वाटते आणि ब्रश हाती घेववत नाही. हे सोडून द्यावे का?
— एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : सोडू नका. ‘रंग मळकट होतात’ ही चित्रकाराची तक्रार आहे. तिला कारण आहे आणि उपायही आहे. ‘माझ्यात गुणच नाही’ या वाक्याला मात्र दोन्ही नाहीत, म्हणूनच ते मनात मुक्काम ठोकून बसते. आपण पहिल्या तक्रारीचे उत्तर शोधण्याऐवजी तिच्यावरून दुसरा निष्कर्ष काढला आहे, आणि तो मला मुळीच मान्य नाही.

पहिला थर अर्धवट ओला असताना त्यावर दुसरा रंग चढवला, किंवा तोच भाग ब्रशने पुन्हापुन्हा घासला, की खालचा रंग सुटून वरच्यात मिसळतो आणि जलरंगाची पारदर्शकता जाते. त्यातही नारिंगी आणि निळा हे परस्परपूरक (रंगचक्रात समोरासमोर येणारे) रंग असे मिसळले, तर करडी-तपकिरी छटा येणारच. मावळतीच्या रंकाळ्यात नेमके हेच दोन रंग समोर असतात. म्हणजे आपण निवडलेला विषयच कठीण आहे, आणि कठीण विषय निवडण्याची ओढ मला तरी गुणाचीच खूण वाटते. पहिला थर पूर्ण वाळू द्यावा (पावसाळ्यातील आपल्याकडच्या दमट हवेत त्याला फार वेळ लागतो), आणि ओल्या चित्राचा निकाल लावू नये, कारण जलरंग वाळल्यावर फिका पडतो.

शिक्षणाचे म्हणाल, तर कोल्हापूरचे चित्रकार आणि चित्रपट-दिग्दर्शक कलामहर्षी बाबूराव पेंटर यांनी कोणत्याही कलाशाळेत शिक्षण घेतले नव्हते. घरच्या कारागिरीतून आणि नात्यातील भाऊ आनंदराव पेंटर यांच्याबरोबर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता त्यांचा हात तयार झाला. उलट कोल्हापूरचेच चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, तरीही कोल्हापुरात परतल्यावर रंकाळा आणि कोटितीर्थ हे तलावच ते पुन्हापुन्हा रंगवत राहिले. शिकलेल्या हातालाही एकाच पाण्याकडे इतक्यांदा परतावे लागत असेल, तर आपण दहा-वीस कागदांवरून स्वतःचा निकाल लावणे हा स्वतःवर अन्याय आहे.

येत्या रविवारी घाट, झाडे, तलावातील संध्यामठाची जुनी दगडी वास्तू सारे वगळून लहान कागदावर केवळ पाणी रंगवा, आणि कोणता थर केव्हा दिला ते मागच्या बाजूस लिहा. नंतर तो कागद एखाद्या जाणत्या चित्रकाराला दाखवा. मात्र ‘कसे झाले आहे?’ असे न विचारता ‘रंग कोठे बिघडला?’ असे विचारा.