पाण्यात उभं राहून सुकणारं लेट्यूस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: छत्रपती संभाजीनगरला गच्चीवर मातीविना, खतपाण्यावर (हायड्रोपोनिक्स) 4 इंची पीव्हीसी पाइपांत लेट्यूस आणि पालक लावलाय, खाली 100 लिटरचा काळा ड्रम, पाणी बोअरचं. मे लागल्यापासून कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. दुपारी झाडं माना टाकतात, मुळं तपकिरी झालीत. पीएच 7.8. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, पीपीएममध्ये) 900 होता, तो 1200 केला, वर चमचाभर 19:19:19 (नायट्रोजन, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) टाकलं, तरी फरक नाही. मग कोणतं खत कमी पडतंय?

माझ्या मते कोणतंच नाही. ड्रममध्ये बहुतेक सगळं आहे, झाडाला ते उचलता येत नाहीये. आणि तुम्ही वरून आणखी खत ओतत चाललाय.

मी पुण्यात गच्चीवर हेच करते आणि तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये हीच चूक केली होती. सकाळी टवटवीत दिसणारं लेट्यूस अकरा वाजता पोतेऱ्यासारखं पडायचं. पाण्यात उभं आहे आणि सुकतंय, याचा अर्थच मला लागेना. उपाशी असेल म्हणून खत वाढवलं. दुसऱ्या दिवशी अजून पडलं, मी अजून वाढवलं. शेवटी सासूबाई कपडे वाळत घालायला वर आल्या आणि म्हणाल्या, "अगं, तुझ्या पाइपाला निर्माल्यासारखा वास येतोय." झाकण उघडून रोप उचललं, तर मुळाचा अर्धा झुबका पाइपातच राहिला.

तेव्हा आधी तुम्हीही एक रोप उचला आणि नाकाजवळ न्या. मुळं तपकिरी दिसली म्हणजे सडलीच असं नाही. लोहाच्या खतानं आणि कोकोपीटच्या रंगानंही ती चहाच्या पाण्यासारखी रंगतात, पण धरली तर कडक लागतात, टोकं पांढरी असतात, वास नसतो. सडलेलं मूळ बुळबुळीत लागतं. दोन बोटांत धरून हळूच ओढलं की भिजवलेल्या बदामाचं साल सुटावं तसं बाहेरचं आवरण निघून येतं आणि हातात बारीक दोरा उरतो. हे बहुतेक वेळा पिथियमचं काम. बुरशीसारखा दिसणारा हा जीव पाण्यात पोहणारे बीजाणू सोडतो, म्हणजे एका रोपातून सगळ्या पाइपांत जायला त्याला तुमचाच पंप मदत करतो. कोमट पाणी आणि प्राणवायू न मिळाल्यानं थकलेलं मूळ, दोन्ही त्याला हवं असतं. पालक तर त्याचा विशेष लाडका.

आता तुमचा काळा ड्रम. त्यात दुपारी तीन वाजता थर्मामीटर बुडवा. मेमध्ये उन्हात ठेवलेल्या काळ्या ड्रमात 34-35 अंश दिसले तर मला नवल वाटणार नाही. 20 अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 35 अंशाला तो 7 वर येतो. हे ऐकायला फार वाटत नाही, पण त्याच वेळी मुळाची प्राणवायूची गरज दुपटीहून अधिक झालेली असते. मूळ गुदमरतं. गुदमरलेलं मूळ पाणीही ओढत नाही आणि लोहही. वर पानाला ऊन लागतंय, खालून पुरवठा बंद. म्हणून ते पाण्यात उभं राहून सुकतं.

आणखी एक. 4 इंची गोल पाइपाला टोपणं लावून बरेच जण अर्धा पाइप पाणी साठवतात आणि त्याला एनएफटी म्हणतात. एनएफटीत तळाशी पाण्याचा पातळ पापुद्रा वाहायला हवा, वरचं मूळ हवेत राहायला हवं. तुमच्या पाइपात दोन इंच पाणी उभं असेल तर निचऱ्याचं भोक खाली घ्या आणि पाइपाला दर 30-40 इंचांना एक इंच उतार द्या. मुळांच्या जाळीनं शेवटचं भोक तुंबलंय का तेही बघा, माझं दोनदा तुंबलंय. उतार दिल्यावर मात्र वीज गेली की पाइप रिकामा होतो आणि मेच्या दुपारी पंप तासभर बंद राहिला तरी झाडं जातात. त्यामुळे पंपाला छोटा इन्व्हर्टर जोडून घ्या.

आकड्यांकडे येते. बोअरच्या नुसत्या पाण्याचा टीडीएस मोजलाय का? तुमच्या भागात तो 400-500 असणं सहज शक्य आहे. समजा 450 आहे. मग तुमच्या 900 मधले निम्मे खडकाचे क्षार होते, खत 450 चंच. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम बऱ्यापैकी असेल, पण बायकार्बोनेटही (आम्ल खाऊन टाकणारा क्षार) असतं आणि खरी डोकेदुखी तेच. त्याच्यामुळे पीएच आज 6 ला आणला तरी दोन दिवसांत पुन्हा 7.5 वर चढतो. शिवाय टीडीएस मोजायची बरीच स्वस्त पेनं ईसीला (पाण्याची विद्युतवाहकता, mS/cm मध्ये) 500 नं गुणून पीपीएम दाखवतात, काही 700 नं. एकच पाणी एका पेनवर 900 आणि दुसऱ्यावर 1260. म्हणून मी पीपीएम सोडून ईसीच बघते. तुमचं पेन 500 वालं असेल तर 1200 म्हणजे ईसी 2.4. टोमॅटोला ते चालतं, उन्हाळ्यातल्या लेट्यूसला नाही. आणि 19:19:19 मधला निम्म्याहून जास्त नायट्रोजन युरियाच्या रूपात असतो. मातीत जिवाणू त्याचं नायट्रेट करून देतात. तुमच्या ड्रममध्ये ते काम नीट होत नाही, युरिया तसाच पडून राहतो. वर गंमत म्हणजे युरिया पेनवर दिसतच नाही, कारण तो पाण्यात विद्युतभार सोडत नाही. ज्वारीला द्यायचं ते खत ज्वारीला द्या.

शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं, तेही कोवळ्या पानांवर: हे लोहाच्या कमतरतेचं अगदी पाठ्यपुस्तकी लक्षण. पण लोह ड्रममध्ये नाही असं त्यावरून ठरत नाही. बाजारातल्या ए-बी द्रावणांत (दोन वेगळ्या बाटल्यांत मिळणारं हायड्रोपोनिक्सचं खत) बरेचदा ईडीटीए रूपातलं चिलेटेड लोह, म्हणजे विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या पदार्थानं धरून ठेवलेलं लोह, असतं आणि ते पीएच साडेसहाच्या वर गेला की सुटून तळाशी बसू लागतं. डीटीपीए या दुसऱ्या रूपातलं लोह साधारण 7 ते साडेसातपर्यंत तग धरतं, ईडीडीएचए रूपातलं त्याच्याही पुढे. तुमच्या 7.8 ला ईडीटीए म्हणजे पाकिटात पैसे आहेत पण नोटा बंद झालेल्या. खात्री करायची असेल तर लिटरभर पाण्यात 1 ग्रॅम चिलेटेड लोह विरघळवा आणि संध्याकाळी एकाच पानाच्या अर्ध्या भागावर ब्रशनं लावा. चार-पाच दिवसांत तो अर्धा भाग हिरवट झाला तर निदान पक्कं. माझ्या शेजाऱ्यांना हा प्रयोग फार आवडतो, पानावर हिरवा पट्टा उमटतो.

बाकीच्या कमतरतांसाठी एवढं पुरे: आजार जुन्या पानांपासून सुरू झाला तर नायट्रोजन, स्फुरद, पालाश किंवा मॅग्नेशियम, कारण झाड हे जुन्या पानातून काढून नव्याला देऊ शकतं. नव्या पानांपासून सुरू झाला तर लोह, कॅल्शियम, बोरॉन, जे एकदा बसले की हलत नाहीत. अख्खं जुनं पान पिवळं म्हणजे नायट्रोजन, शिरांच्या मध्ये पिवळं म्हणजे मॅग्नेशियम, कडा करपल्या तर पालाश.

कॅल्शियमबद्दल मात्र थांबून सांगते, कारण पुढच्या हंगामात तुम्ही त्यावरच अडकणार. लेट्यूसच्या गाभ्यातल्या कोवळ्या पानांच्या कडा जळाल्या की लोक कॅल्शियम नायट्रेट ओततात. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबरच वर जातं आणि पान पाणी उडवतं तेवढंच ते पोहोचतं. आतली मिटलेली पानं पाणी उडवतच नाहीत. दमट, बंद हवेत तर मुळीच नाही. तिथे छोटा पंखा खतापेक्षा जास्त कामाचा ठरतो. आणि ए व बी बाटल्या एकत्र ओतून साठवू नका. दाट द्रावणात कॅल्शियम आणि सल्फेट-फॉस्फेट भेटले की पांढरा गाळ होतो, आणि मग दोन्हींची कमतरता तुम्ही स्वतःच्या हातानं तयार केलेली असते.

तर आज काय करायचं. पालक उपटा, तो वाचणार नाही, वाचवायच्या नादात लेट्यूस जाईल. लेट्यूसची सडलेली मुळं कात्रीनं कापा, थोडी बाहेरची पानंही काढा, कारण उरलेली मुळं एवढी पानं पोसू शकणार नाहीत. ड्रम रिकामा करा, पाइप आणि पंप ब्लीचिंगच्या पाण्यानं धुऊन भरपूर खळबळून काढा. नवं पाणी निम्मं बोअरचं आणि निम्मं आरओचं घ्या. आरओचं शुद्ध पाणी बरं का, नाल्यात जाणारं रिजेक्ट नव्हे, आणि सॉफ्टनरचं तर अजिबात नको, त्यात सोडियम भरलेलं असतं. ए-बी एकेक करून घाला, एकूण ईसी 1.2 च्या आसपास ठेवा. पीएच फॉस्फोरिक आम्लानं 5.8 ते 6 वर आणा, आम्ल पाण्यात, थेंबाथेंबानं, डोळ्यांवर चष्मा लावून. त्याआधी पीएचचं पेन 6.86 आणि 4 च्या बफर पुडीच्या (ठरावीक पीएचचं पाणी बनवणारी पुडी) पाण्यात तपासा. माझं पेन एकदा महिनाभर पाऊण अंक खोटं बोलत होतं. शिवाय 100 लिटरला साधारण 3 ग्रॅम 6 टक्क्यांचं ईडीडीएचए लोह टाका. पाणी कोकम सरबतासारखं लाल होईल, घाबरू नका.

हायड्रोजन पेरॉक्साइडबद्दल सगळे विचारतात. एकदा, रोगट पाणी धुताना ठीक. रोज टाकणाऱ्यांचं मला पटत नाही, कारण तो चांगलेवाईट जिवाणू ओळखत नाही आणि पाणी 35 अंशाला असेल तर पिथियम परत येणारच. ट्रायकोडर्मा (रोगाशी लढणारी उपयोगी बुरशी) पेरॉक्साइडबरोबर टाकणं म्हणजे पाहुणे बोलावून दाराला कुलूप लावणं.

पाणी थंड करा, हे सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत कंटाळवाणं. बर्फाच्या बाटल्यांवर फार विसंबू नका: 2 लिटरची गोठलेली बाटली 100 लिटर पाणी जेमतेम दोन अंश उतरवते. ड्रम सावलीत हलवा, बाहेरून पांढरा रंगवा (आतून काळा राहू दे, म्हणजे शेवाळ होत नाही) आणि माठासारखं ओलं गोणपाट गुंडाळा. पाइपांवर 50 टक्क्यांची शेडनेट लावा. ड्रममध्ये मत्स्यटाकीचा हवेचा दगड (हवेच्या पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा) सोडा. 26 अंशाच्या खाली आलात तर लेट्यूस तगेल.

पुढे रोज सकाळी दोन आकडे लिहा: ड्रममधली पाण्याची पातळी आणि ईसी. पाणी घटलं आणि ईसी वाढला, तर झाडं खतापेक्षा पाणी जास्त पितायत, साधं पाणी घाला. ईसी उतरला तर भूक आहे, तेव्हाच खत.

आणि पिवळी पानं परत हिरवी होतायत का याकडे बघत बसू नका, त्यातली बरीचशी होणार नाहीत. आठवड्यानं एक रोप उचला. कापलेल्या मुळाशेजारून पांढरी, तांदळाच्या लांबीची नवी टोकं दिसली तर ते रोप ठेवा. नाही दिसली तर सगळं काढून टाका, ऑक्टोबरपर्यंत लेट्यूसचं नाव घेऊ नका आणि त्या पाइपांत नाळीची भाजी लावा. तिला कोमट पाण्याचं काही वाटत नाही.