साखरपुड्याची अंगठी बोटात गेलीच नाही

"मॅडम, साखरपुड्यात अंगठी माझ्या बोटात गेलीच नाही. आई म्हणते, हा अपशकुन आहे. त्याच्या घरी म्हणतात, माप मीच चुकीचं दिलं. लग्न तोंडावर आलंय. त्याच्याशी बोलू का गप्प बसू?"

लग्नाआधी समुपदेशनाला येणाऱ्या मुलामुलींकडून या धाटणीचे प्रश्न नेहमी येतात. कधी शालू वेगळ्याच रंगाचा येतो, कधी पत्रिकेत नाव चुकीचं छापलं जातं, कधी अंगठी लहान होते. वस्तू बदलते, भीती तीच असते. ज्या जोडप्याबद्दल लिहिते आहे त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी नाशिकची, बँकेत नोकरीला. मुलगाही नाशिकचाच, पण कामासाठी न्यू जर्सीत. साखरपुड्याला तो सुट्टी काढून आला होता. अंगठी तयार घेतलेली नव्हती, सोनाराकडून मुद्दाम घडवून घेतली होती. त्याच्या आजीने आपली एक जुनी पाटली त्यासाठी काढून दिली होती. वर बारीक हिऱ्यांची ओळ होती आणि आतल्या बाजूला दोघांची आद्याक्षरं मोडी लिपीत कोरलेली होती. ही कल्पना त्याची होती, आणि तो ती महिनाभर मनात घेऊन हिंडत होता.

समारंभात अंगठी मधल्या सांध्यापाशी अडली. त्याने जरा जोर दिला, तिने हात मागे घेतला, फोटोग्राफर "धरून ठेवा, धरून ठेवा" म्हणत राहिला. शेवटी अंगठी करंगळीत घालून फोटो उरकले. तेवढ्यात त्याची आत्या म्हणाली, "बोटं जरा भरलेलीच आहेत हो हिची." चार बायका हसल्या. तोही हसला.

मुलगी माझ्याकडे पहिल्यांदा एकटीच आली. अंगठी पर्समध्ये होती. उजव्या हाताने ती डाव्या अनामिकेचा सांधा सारखा चोळत होती. सांधा लाल झाला होता, सुजला होता. विचारल्यावर कळलं की रोज रात्री ती साबण लावून अंगठी चढवायचा प्रयत्न करते, आणि बोट बारीक व्हावं म्हणून रात्रीचं जेवण तिने बंद केलं आहे.

मी बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तिथेच थांबले. तुमच्यापैकी कोणी हे करत असेल तर आजपासून थांबवा. अंगठी अडते ती बहुतेक वेळा सांध्यावर, आणि तिथे मुख्यतः हाड असतं. उपाशी राहून ते कमी होत नाही. शिवाय बोटाचं माप दिवसभरात बदलतं. उन्हाळ्यात, खारट खाल्ल्यावर, पाळीच्या आधी बोटं थोडी फुगतात, थंडीत आकसतात. जोर लावून चढवलेली अंगठी अडकली तर हात छातीच्या वर धरावा, थंड पाण्यात बोट बुडवावं, साबण किंवा तेल लावून ती हळूहळू फिरवत काढावी. बोट निळं पडलं किंवा बधिर झालं तर वेळ न घालवता दवाखाना गाठावा. तिथे अंगठी कापतात. कापलेली अंगठी पुन्हा जोडता येते.

तिने रात्री जेवायचं कबूल केलं. मग आम्ही बोलायला लागलो.

मी तिला एक कागद दिला आणि सांगितलं, त्या दिवशी जे घडलं तेवढंच लिही, त्याचा अर्थ लिहू नकोस. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीतला हा साधा पाया आहे: घटना एक, तिच्याबद्दल आपण करून घेतलेला विचार दुसरा, आणि भावना येते ती बहुतांशी त्या विचारातून. तिने लिहिलं, "अंगठी सांध्यावर अडली. आत्या बोलल्या. सगळे हसले." मग दुसऱ्या रकान्यात अर्थ लिहायला सांगितले. तिथे जागा पुरली नाही. मी त्यांना आवडले नाही. माझं शरीर चारचौघांत दाखवलं गेलं. देवालाच हे लग्न नको आहे. आजींचं सोनं माझ्यामुळे वाया गेलं.

पहिला रकाना दाखवून मी विचारलं, "अंगठीला नंबर कुठून मिळाला?"

तिने मान वर केली. हे कोणी विचारलंच नव्हतं. तिने घरी कागदाची पट्टी बोटाभोवती गुंडाळून मोजली होती, मोबाइलवर एक तक्ता काढून त्यात पाहिलं आणि त्याला कळवलं: सात. त्याने आईला सांगितलं: सात. आईने चिठ्ठीवर लिहून सोनाराला दिलं: ७. तक्ता अमेरिकन होता. अमेरिकन सात म्हणजे आतला घेर साधारण ५४ मिलिमीटर. आपल्या बाजारात अंगठीचा नंबर वेगळ्या हिशोबाने चालतो. आतल्या घेरातून ४० वजा केले की आपला नंबर येतो. म्हणजे तिचं माप होतं १४, आणि सोनाराने केली ७ नंबरची, ४७ मिलिमीटरची. सोनाराला शंका आली होती, हे नंतर कळलं. "बोट एवढं बारीक आहे?" असं त्याने विचारलंही होतं. मुलाच्या आईने कौतुकाने उत्तर दिलं होतं, "मुलगी नाजूक आहे आमची."

हे कळलं तेव्हा ती रडली. इतके दिवस जिला ती घाबरत होती, त्या सासूने तिच्याबद्दल सोनाराकडे असं बोलावं, हे तिला माहीतच नव्हतं. चौघांपैकी प्रत्येकाने आपल्या परीने बरोबर तेच सांगितलं होतं, आणि तरी अंगठी सात नंबर लहान झाली होती. अपशकुनाची भीती मी हसण्यावारी नेत नाही. ज्या घरात ती वाढली तिथे शकुनाला वजन आहे. पण कारण सापडलं की भीतीला टेकायला जागा कमी उरते.

पुढची भेट तिघांची, तो व्हिडिओ कॉलवर. त्याआधी मी तिला एवढंच सुचवलं होतं की आईच्या आधी, मैत्रिणींच्या आधी, सोनाराच्याही आधी त्याला सांग, आणि तक्रारीने सुरुवात करू नकोस. तिने स्वतःच्या शब्दांत सांगितलं: "अंगठी मला खूप आवडली. ती माझ्या बोटात जात नाही. आणि आत्या बोलल्या तेव्हा तू हसलास, त्याचं मला वाईट वाटलंय."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला वाटलं, तुला अंगठी आवडलीच नाही. एकही फोटो ठेवला नाहीस."

म्हणजे दोघंही महिनाभर एकमेकांची नाराजी गृहीत धरून बसले होते. तिने अंगठीचं नाव काढलं नाही, म्हणून तो दुखावला. तो दुखावून गप्प झाला, म्हणून ती घाबरली. मधल्या काळात दोन्ही आया बोलत राहिल्या. इकडून "सोनं वाचवलं", तिकडून "नंबर तिनेच दिला".

माझ्या मते या सगळ्यात मोठी गोष्ट अंगठी नव्हती, ते हसणं होतं. तो मुलगा वाईट नाही. चारचौघांत अवघडल्यावर हसण्याची त्याला सवय आहे, तसं त्याने सांगितलं. पण लग्न करून त्या घरात जाणाऱ्या मुलीने ते हसणं "हा माझ्या बाजूने उभा राहणार नाही" असं वाचलं, आणि तसं वाचण्यात तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. मी त्याला विचारलं, "पुन्हा असं झालं तर काय बोलाल?" तो म्हणाला, "आत्यांना उलट बोलता येत नाही." मी म्हटलं, उलट बोलू नका. एक वाक्य ठरवा, आवाज न चढवता म्हणता येईल असं. त्या भेटीचा उरलेला सगळा वेळ आम्ही त्या एका वाक्यावर घालवला. त्याने ते मोठ्याने म्हणूनही पाहिलं. आधी अडखळला, मग जमलं.

सोनाराकडचं काम त्या मानाने सोपं गेलं, तरी ज्यांच्यापुढे हाच प्रश्न आहे त्यांच्यासाठी सांगते. साधी, खडे नसलेली सोन्याची अंगठी एखाददुसऱ्या नंबराने ताणून वाढवता येते. त्याहून जास्त हवी असेल तर खालून कापून तुकडा घालतात आणि डाग देऊन जोडतात. हिऱ्यांची ओळ पूर्ण गोल फिरलेली असेल तर माप बदलणं जवळपास अशक्य. हिची ओळ फक्त वरच्या अर्ध्यात होती, हे नशीब. तरी सात नंबरचा फरक फार. एवढी ताणली तर खड्यांची कोंदणं सैल होतात. सोनाराने हिऱ्यांचा वरचा भाग तसाच ठेवून खालची पट्टी नव्याने घडवायचं सुचवलं. जुन्या पट्टीचं सोनं त्यातच वापरायचं, वर अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भर घालायची. मोडी अक्षरं पुन्हा कोरायची. या वेळी माप दुकानातल्या रिंगांनी, संध्याकाळी, हात नेहमीसारखा असताना घेतलं. तुमच्या अंगठीवर हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेचा शिक्का, आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, यांची खूण कुठे आहे तेही आधी पाहून घ्या. बदलायच्या भागावर असेल तर ती पुन्हा करून घ्यावी लागेल. सोन्याचं वजन, घडणावळ, सगळं पावतीवर लिहून घ्या.

चिठ्ठीवर ७ लिहिलेलं असल्यामुळे सोनाराशी भांडण्यात अर्थ नव्हता. खर्च दोघांनी आपापल्या पगारातून अर्धा अर्धा केला. हे मला आवडलं. दोन्ही घरांचा हिशोब त्यामुळे तिथेच मिटला.

आजींना कसं सांगायचं, यावर मुलाच्या घरी आठवडाभर खल चालला होता. त्यांना धक्का बसेल म्हणून कोणी त्यांच्याशी बोललंच नव्हतं. शेवटी मुलीने फोन केला. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सोनाराने घट किती धरली?" पाटलीच्या वजनाचा त्यांचा हिशोब तोंडपाठ होता. आपली पाटली वितळली याचं त्यांना काही वाटलं नव्हतं, पण आपल्याला न विचारता सोन्याचे निर्णय होतात याचा मात्र राग आला होता. दुसऱ्या खेपेला सोनाराकडे त्या स्वतः गेल्या.

हे प्रकरण सुटण्यासारखं होतं, म्हणून सुटलं. सगळी तशी नसतात. अंगठी लहान झाल्याच्या निमित्ताने "आता मोठी करायची तर सोनं तुम्ही घाला" असं मुलीकडच्यांना सांगितलं जात असेल, किंवा झालेल्या चुकीचा वापर दुसरं काही मागण्यासाठी होत असेल, तर तो मापाचा प्रश्न राहत नाही. लग्नाच्या संदर्भात अशी मागणी करणं १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. दुखावल्याचं सांगितल्यावर होणारा नवरा "एवढ्याशा गोष्टीचा काय बाऊ करतेस" म्हणून विषय तोडत असेल, आणि दरवेळी तोडत असेल, तर तारीख पुढे ढकलायला घाबरू नका. हॉलचे पैसे बुडतील ही भीती मी समजू शकते, पण त्या कारणासाठी लग्न करू नका.

दोन्ही आयांमध्ये अजून मोकळेपणा नाही. त्या एकमेकींशी नीट बोलतात, जपून बोलतात. त्याला वेळ लागेल, आणि ते काम या दोघांचं नाही, असं मी दोघांना सांगितलं आहे.

लग्नाच्या आधी आत्याकडे केळवण झालं. जेवताना आत्यांनी पुन्हा विषय काढला, "आता तरी बसते का गं अंगठी?" त्याने ठरवलेलं वाक्य म्हटलं: "आत्या, माप आमच्याकडून चुकलं होतं. तिच्या बोटांबद्दल नको बोलायला." आत्या क्षणभर थांबल्या, मग "बरं बाई" म्हणून वाढायला उठल्या. मुलीने त्याच रात्री मला मेसेज करून हे कळवलं आणि पुढच्या भेटीची वेळ रद्द केली.