इंग्लंडमध्ये उत्खननाची नोकरी करायची असेल तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: पुरातत्त्वात एम.ए. झालंय, दोन हंगाम उत्खननावर काढलेत, आता इंग्लंडमध्ये एक वर्षाची मास्टर्स करून तिथेच फील्डवर नोकरी धरायची. जमेल का, आणि घरच्यांना काय सांगू? मला ताई म्हटलंस, म्हणून अगं-तुगं करते आणि सरळ सांगते.

आधी एक गोष्ट पक्की समजून घे. इथलं बहुतेक उत्खनन संशोधकाच्या प्रश्नातून सुरू होत नाही, बांधकामातून होतं. १९८९मध्ये लंडनच्या साउथवार्क भागात नवी इमारत बांधताना शेक्सपिअरच्या काळातल्या रोझ नाट्यगृहाचा पाया सापडला. तो वाचवायला लोक रस्त्यावर उतरले. नोव्हेंबर १९९०मध्ये सरकारने पीपीजी १६ नावाचं धोरण आणलं. जमिनीखाली जुनं काही असेल तर त्याचा विचार बांधकामाच्या परवानगीच्या वेळीच व्हायचा, आणि ते नष्टच होणार असेल तर आधी खणून त्याची नोंद करायचा खर्च बांधणाऱ्याने उचलायचा. धोरणाचं नाव नंतर बदललं, तत्त्व तेच राहिलं. त्यामुळे आमचा पगार शेवटी घरं, रस्ते आणि रेल्वेतून येतो. बांधकाम मंदावलं की कंत्राटं आटतात. माझं पहिलं कंत्राट तीन महिन्यांचं होतं. साइटवर काम शिल्लक असताना शुक्रवारी दुपारी कळलं की सोमवारपासून यायचं नाही. ते सगळं वर्ष मी असंच तुकड्यातुकड्यांनी काढलं.

आई विचारते ना, सरकारी नोकरी आहे का? नाही. खणणाऱ्या संस्था सरकारच्या नाहीत. मोला, ऑक्सफर्ड आर्किऑलॉजी, वेसेक्स आर्किऑलॉजी या मोठ्या संस्था धर्मादाय म्हणून नोंदलेल्या आहेत, बाकी असंख्य खासगी कंपन्या. आपल्याकडे पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवान्याशिवाय कुदळ मारता येत नाही. इंग्लंडमध्ये सर्वसाधारण उत्खननाला तसा परवाना नाही. संरक्षित स्मारकांना १९७९च्या कायद्याने संमती लागते, आणि मानवी अवशेष उचलायचे तर न्याय मंत्रालयाचा परवाना. कामाच्या दर्जावर नजर असते ती स्थानिक नियोजन खात्याच्या पुरातत्त्व सल्लागाराची. तो साइटवर येतो, छेद (म्हणजे उभ्या कापातले मातीचे थर) बघतो, पटलं नाही तर आणखी खणायला लावतो.

आता हाताचं काम. आपल्याकडे बहुतेक साइटवर कुदळ-फावडं मजूर चालवतात, विद्यार्थी वही घेऊन ट्रेंचच्या काठावर असतो. इथे मजूर नाही. एम.ए. असो की पीएच.डी., फावडं तुझंच आणि मातीची ढकलगाडीही तूच रिकामी करायचीस. पोकलेनला दात नसलेली बकेट लावून वरची माती उतरवतात, तेव्हा तू यंत्रापुढे उभी राहून जमिनीचा रंग बदलतोय का ते बघायचंस. चिकणमातीत गुडघाभर पाणी, डिसेंबरात चारलाच अंधार. पाठ आणि गुडघे आत्तापासून सांभाळ, हे मी गंभीरपणे सांगते.

पद्धतही वेगळी आहे. तू शिकलीस ते चौकोनी ट्रेंच आणि मधले बाल्क, म्हणजे न खणता ठेवलेल्या मातीच्या भिंती, ही ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांची देणगी. १९४४मध्ये ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले, त्याआधी तीच पद्धत त्यांनी इथे डॉर्सेटमध्ये मेडन कासल या प्राचीन टेकडी-किल्ल्यावर वापरली होती. पण इथल्या व्यावसायिक साइटवर आता ते बाल्क क्वचित दिसतात. पूर्ण क्षेत्र उघडतात आणि प्रत्येक थर, प्रत्येक खड्डा, खड्ड्यात साचलेल्या प्रत्येक भरावाला स्वतंत्र क्रमांक देऊन त्याचं वेगळं पान भरतात. खड्डा खणण्याची कृती हीसुद्धा एक घटना, तिलाही क्रमांक. मग कोण आधी, कोण नंतर हे हॅरिस मॅट्रिक्सच्या आकृतीत बसवायचं. ती एडवर्ड हॅरिस यांनी १९७३मध्ये विंचेस्टरच्या नोंदींवर काम करताना काढली. मुलाखतीत हमखास विचारतात. तिथे पाठ केलेली व्याख्या चालत नाही, चार भराव दाखवून क्रम लावायला सांगतात. तुझी थर ओळखायची नजर तयार असेल तर ही पद्धत महिन्याभरात अंगवळणी पडते. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन झोपड्यांच्या खांबांचे खळगे जिला समजतात, तिला इथले लोहयुगातले खळगेही समजतील.

आणि हे काम मला अजूनही सोडवत नाही, तेही सांगायला हवं. लंडनमध्ये ब्लूमबर्गच्या इमारतीखाली ४००हून जास्त रोमन काळातल्या लिहायच्या लाकडी पाट्या मिळाल्या. त्यातल्या एका कर्जाच्या नोंदीवर इ.स. ५७ सालच्या ८ जानेवारीची तारीख आहे. ओल्या, हवा न लागणाऱ्या मातीने लाकूड जपलं. ज्या चिखलाला आम्ही रोज वैतागतो, तोच हे सांभाळतो. मी स्वतः असं काही काढलेलं नाही. बहुतेक दिवस खंदक, शेताच्या चरी, चार खापरं. पण एका चरीच्या तळाशी जळक्या धान्याचा काळा थर माझ्या हाताने उघडला, त्या दिवशी जेवायची सुट्टी झालेली मला कळली नाही.

आता अवघड भाग. मास्टर्सनंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा आहे. १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्यांना अठराच महिने मिळतील. त्यानंतर स्किल्ड वर्कर व्हिसासाठी जुलै २०२५पासून किमान पगाराची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड आहे. नव्या पदवीधरांना काही वर्षं ३३,४००ची सवलत मिळते, पण फील्डवरचा सुरुवातीचा पगार त्याहूनही कमी असतो. म्हणजे नुसतं खणत राहिलीस तर व्हिसा संपेल आणि परत जावं लागेल. कर्ज काढून येणार असशील तर हे गणित घरच्यांसमोर मांडल्याशिवाय फी भरू नकोस. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती उत्तम आहे, पण तिच्यात दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट आहे. तुझ्या बेतात ती बसत नाही.

म्हणून मी तुला साधी पुरातत्त्वाची मास्टर्स घेऊ नकोस असं म्हणेन. मानवी हाडं, जळकी बीजं, भू-पुरातत्त्व (माती आणि थरांचा अभ्यास) किंवा जीआयएस (संगणकावरचं नकाशांचं काम), यातलं एक निवड. तज्ज्ञ माणूस कंपनीला सहज मिळत नाही, आणि अहवालाचं काम पावसात थांबत नाही. सल्लागार कंपन्यांत जागेचा पूर्वइतिहास तपासून अहवाल लिहिणाऱ्यांना फील्डपेक्षा बरा पगार मिळतो. लिहायची आवड असेल तर तोही रस्ता बघ.

येण्याआधी वाहन परवाना काढ आणि खरोखर गाडी चालवायला शीक, कारण साइट बसच्या वाटेवर नसते. भारतीय परवान्यावर इथे राहायला लागल्यापासून बारा महिने गाडी चालवता येते, त्यात इथला काढायचा. बांधकामाच्या जागेवर जायला सीएससीएस कार्ड लागतं. त्याची सुरक्षेची परीक्षा सोपी आहे.

या हंगामात साइटवर जाशील तेव्हा संचालकांकडे एवढंच माग: निदान दहा छेद मी स्वतः खणून, त्यांची रेखाटनं स्वतः काढून, माझ्या सहीने नोंदवेन. त्यांचे फोटो आणि प्रती ठेव, आणि पत्रात लिहून घे की ते तुझ्या हातचे आहेत. माझ्या पहिल्या मुलाखतीत गुणपत्रिका कोणी उघडली नव्हती. छेदांची फाइल मात्र त्यांनी अर्धा तास चाळली.